टेस्टिंगवाले काका

टेस्टिंगवाले काका इंजिन दातांनी ऐकायचे. त्यांच्याकडे लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. सुरू असलेल्या इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. बाकीचे मिस्त्री मूठ कानाला लावतात. काका दातांत धरतात, एवढ्यावरच आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत त्यांचा दबदबा होता. अर्ध्या मिनिटाने मूठ तोंडातून निघायची, रुमालाने पुसली जायची आणि निकाल लागायचा. निकाल दोनच असत: "पास" किंवा "परत".

पिंपरीकडच्या एका कारखान्यात इंजिन तपासण्याच्या खोलीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. दिवसभर शेजारी शेजारी इंजिनं पूर्ण वेगाने चालवायची आणि त्यांच्याकडे लक्ष देऊन उभं राहायचं, हे काम. "त्या खोलीत बोलायची सोयच नव्हती," ते सांगायचे, "म्हणून एकतीस वर्षांत तिथे कोणाचं भांडण झालं नाही." निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले, तेव्हापासून त्यांचं आडनाव कोणी वापरलं नाही. गॅस सिलिंडरवालासुद्धा "टेस्टिंगवाले कुठे राहतात" असंच विचारायचा.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो एका यादीमुळे. मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करते आणि यादीशिवाय माझं पान हलत नाही. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता, "पन्नाशीच्या आत" असं शीर्षक असलेला. चौथ्या क्रमांकावर होतं: स्वतःची मोटरसायकल. भावाची मोटरसायकल मी लहानपणी सहा वर्षं पुसली. मागे बसले असंख्य वेळा, आणि हँडल हातात आलं ते दोनदा, तेही शाळेच्या मैदानावर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला तसलीच एक मिळाली. बिबवेवाडीत बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागे उभी होती. साडेतीनशे सीसी, इंजिन जाम, टाकी गंजलेली, सीटमध्ये उंदरांचा संसार.

"चार नंबर आधी का?" आमच्या ह्यांनी विचारलं. "तीनला पोहणं आहे. ते पार्किंगमध्ये ठेवावं लागत नाही."

टेम्पोतून गाडी उतरली, तेव्हा काका चपला घालून आले आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"चालत होती तेव्हा चांगली असणार," ते म्हणाले. "कोण करणार हिचं?"

"मीच. रविवारी."

मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या वहीकडे गेलं. काय उघडलं, कुठल्या डब्यात ठेवलं, काय आणायचं, असे रकाने मी आखले होते. उभ्या उभ्या त्यांनी दोन पानं वाचली.

"मी येतो. पण एक अट. काम चालू असताना बोलायचं नाही. काय विचारायचं ते ह्या वहीत लिहायचं. मी वाचून उत्तर देईन."

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. माझ्या याद्यांना लोक हसतात, फार तर सहन करतात. कामाची अट म्हणून यादी मागणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता.

दर रविवारी नऊ ते एक आम्ही माझ्या पार्किंगच्या जागेत बसायचो. इंजिनाचं काम त्यांचं. गंज काढणं, रंग, वायरिंग आणि नाना पेठेत जाऊन सुटे भाग शोधणं माझं. नवीन काय बसवायचं याची यादी मी केली होती आणि प्रत्येक ओळीवर त्यांचा शेरा मिळायचा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक हवा, या ओळीवर ते लगेच म्हणाले, "घ्या. थांबायच्या बाबतीत जुन्याचं प्रेम नको." ठिणगी पाडणारा जुना पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा लावायचं ठरलं, तेव्हा मात्र तोंड वाकडं झालं. "पॉइंट बिघडला तर रस्त्यात घासून गाडी सुरू होते. हा डबा बिघडला तर त्याला हार घालायचा." पुढच्या रविवारी स्वतःच म्हणाले, "लावा. डबा तुमचा, ढकलणं तुमचं." आणि दोन तास बसून तो डबा असा बसवला की आजतागायत ढकलायची वेळ आली नाही.

माझ्याकडून त्यांनी एक गोष्ट पाठ करून घेतली. गाडी चालवताना इंजिन अचानक गप्प झालं तर आधी क्लच दाबायचा, विचार नंतर करायचा. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एक गोष्ट खटकायची. वॉचमनशी काका तासभर गप्पा मारायचे. त्याच्या गावचा पाऊस, त्याच्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर, सगळं ऐकून घ्यायचे. मी "काका, हा पाना..." एवढं म्हटलं की वर न बघता, "लिहा." बाईमाणसाने यंत्राबद्दल बोललेलं त्यांना रुचत नसेल, अशी मी समजूत करून घेतली. पुण्यात माणूस तुटक बोलला तर कोणी कारण विचारत नाही.

अकरा महिन्यांनी गाडी सुरू झाली. सातव्या किकला. सगळी सोसायटी गॅलरीत होती. काकांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ दातांत धरली, डोळे मिटले. त्या अर्ध्या मिनिटात मला इंजिनाच्या धडधडीवर एक बारीक आवाज ऐकू आला. शिट्टीसारखा, कार्ब्युरेटरच्या बाजूने. सवयीने मी वहीत लिहिलं: "शिट्टी? कार्ब्युरेटर?"

काकांनी मूठ काढली, पुसली. "पास."

गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या. मी वहीकडे बघितलं, आणि ती ओळ खोडली. एकतीस वर्षांपुढे माझा अकरा महिन्यांचा कान काय सांगणार?

पुढच्या शनिवारी मी पिरंगुटच्या घाटात होते. चढावर इंजिन आधी मंद झालं, मग एकदम गप्प, आणि मागचं चाक जागच्या जागी अडकून घसरायला लागलं. मागून ट्रक येत होता. माझा डावा हात माझ्या आधी हलला. क्लच दाबला गेला, चाक सुटलं, गाडी कडेला गेली. ट्रक हॉर्न देत गेला. मी दगडावर बसून वेळ आणि जागा वहीत लिहिली, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

रविवारी काकांनी इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. प्लग पांढराफटक पडला होता. मग त्यांनी कार्ब्युरेटरचा जोड सोडवला आणि आतलं पॅकिंग उजेडात धरलं. एका कोपऱ्यात कापलं गेलं होतं. तिथून जादा हवा आत गेली, इंजिन तापलं आणि पिस्टन आतल्या आत अडकून बसला.

"ह्याचा आवाज यायला हवा होता," ते म्हणाले. "बारीक. शिट्टीसारखा."

त्यांनी वही ओढून घेतली, एक एक पान मागे उलटलं आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मी एकच रेघ मारली होती. खालचं सगळं वाचता येत होतं.

"हे का खोडलं?"

"तुम्ही पास म्हणालात म्हणून."

या वेळी त्यांनी "लिहा" म्हटलं नाही. माझ्या ओठांकडे बघत होते, आणि त्यांना समजलं होतं.

"क्लच दाबलात?"

मी मान डोलावली.

बराच वेळ ते पॅकिंग हातात फिरवत राहिले. "मला शिट्टी ऐकू येत नाही, मॅडम. कुकरचीही नाही. बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, पाखरांचे. कारखान्यातून निघालो तेव्हाच गेले होते. धडधड येते, ती मी दातांनी घेतो." मग पान्यांची पिशवी बांधायला घेतली. "इंजिनात खोट नाही. तपासणारा परत. दुसरा मिस्त्री बघा."

मी तीन रविवार पार्किंगमध्ये एकटी बसले. काका आले नाहीत. चौथ्या रविवारी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं.

"ये शुभदा. आत बसलेत, पेपर घेऊन. त्याच पानावर आहेत सकाळपासून."

"काकू, त्यांना ऐकू..."

"येत नाही. मला माहीत आहे ना." काकूंनी आवाज जराही कमी केला नाही. "मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही, एवढंच. इतकी वर्षं मी बोलते, ते हो म्हणतात. त्यात दोन साड्या आणि एक काशीयात्रा झाली. लेकीने कानाचं मशीन आणून दिलं, ते त्या डबीत आहे. नट ठेवतात ती."

मी आत गेले आणि काकांपुढे कागद ठेवला. रात्री तयार केला होता, नेहमीसारखे रकाने आखून. कामाची वाटणी. हात: काका. धडधड: काका. शिट्ट्या, फुसफुस, किरकिर: मी. शेवटचा निकाल: काका.

त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि शेवटची ओळ दुरुस्त केली. "काका"च्या पुढे लिहिलं, "आणि मॅडम". मग म्हणाले, "पिस्टनचं माप लिहून घ्या."

दुसऱ्या खेपेला आमचं काम बदललं. आता बोलायला परवानगी होती, समोर उभं राहून, सावकाश. इंजिन सुरू करून ते विचारायचे, "काय येतंय?" मी म्हणायचे, फुस्स. ते वैतागायचे. "फुस्स म्हणजे काय? फोडणीत पाणी पडल्यासारखं, की दूध वर येताना करतं तसं?" मी कान देऊन सांगायचे, दूध. मग ते कुठला तरी नट पाव फेरा आवळायचे. "आता?" आता भाकरी तव्यावर टाकल्यासारखं. "ते चालेल. ते सायलेन्सर तापतानाचं असतं." त्यांना न येणारे आवाज त्यांना सगळे आठवत होते. माझ्याकडून फक्त कुठला ते हवं असायचं. मला तोवर ठाऊक नव्हतं की दूध वर येताना आवाज करतं. आता रोज ऐकते. लिफ्टचा दोर, ऑफिसातला पंखा, मिक्सरचं बेअरिंग, सगळंच ऐकू येतं, आणि घरचे म्हणतात की हा त्रास आहे.

गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा गॅलरीत कोणी नव्हतं. काकांनी मूठ दातांत धरली, डोळे मिटले, मूठ पुसली. मग निकाल न देता माझ्याकडे बघितलं.

"तुमचं?"

मी गुडघ्यांवर बसून चारी बाजूंनी ऐकलं. घाई केली नाही. "पास."

"पास," ते म्हणाले. "लिहा."

पन्नाशीला पाच आठवडे शिल्लक होते. चौथ्या ओळीवर मी खूण केली. तेव्हापासून मी वहीतली कुठलीही ओळ खोडत नाही. शंका चुकीची निघाली तरी ती राहते आणि तिच्यापुढे उत्तर लिहिलं जातं. कार्यालयात माझ्या हाताखालच्या मुलींनाही मी हेच शिकवते. हे कोणाकडून शिकले ते विचारलं तर टेस्टिंगमधून, असं सांगते.

पुढे त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि लेक दोघांना नाशिकला घेऊन गेली. निघताना काकांनी स्क्रूड्रायव्हर मला दिला. मुठीवर दातांच्या खाचा होत्या. "धुऊन घ्या," एवढंच म्हणाले. मी तो कानाला लावते. दातांत धरायचा माझा अधिकार नाही.

मागच्या हिवाळ्यात मी गाडीवर नाशिकला गेले. फोनवर काकूंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आता त्यांना धडधडही येईनाशी झाली आहे, आणि दातांच्या जागी कवळी आहे. अंगणात काका पाठमोरे बसले होते. फाटकातून गाडी आत आणली तरी त्यांनी मान वळवली नाही. काकूंनी खांद्याला हात लावला तेव्हा वळले, उठले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आणि मी चावी फिरवणार तेवढ्यात हाताने खूण केली: चालू राहू दे.

त्यांनी तळहात टाकीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी वही उघडून उभी राहिले. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला. काकू माझ्याकडे बघत होत्या, मी काकांच्या हाताकडे. मग त्यांनी हात काढला, रुमालाने पुसला.

"पास," ते म्हणाले. "पण एक्झॉस्टचा टॅपेट सैल होऊन टकटकतोय, मॅडम. ऐकू येत नाही का तुम्हाला?"