खंडेनवमीला उचललेली पक्कड

"तू नको. पूजेची हत्यारं आहेत ती."

कारखान्यातल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. टेबलावर लाल कापड. त्यावर नट आवळायचे पाने, पक्कड, टेस्टर, मीटर. हळदकुंकू, झेंडूची फुलं. आदल्या दिवशी तीच हत्यारं माझ्याकडून रॉकेलनं घासून घेतली होती. तेव्हा ती बाटली नव्हती.

खंडेनवमी होती. आमच्या ट्रेनिंगचा शेवटचा दिवस. अकरावीला मी इलेक्ट्रिकलचा व्यवसाय अभ्यासक्रम घेतला होता. कॉलेजनं आम्हा सहा जणांना, पाच मुलगे आणि मी, खालापूरकडच्या त्या कारखान्यात वीस दिवस प्रत्यक्ष काम शिकायला पाठवलं होतं. तिथली रीत अशी, की पूजा झाल्यावर शिकाऊ पोरांनी टेबलावरचं हत्यार उचलायचं, मोटरचं कनेक्शन करायचं आणि ती चालू करून दाखवायची. कॉलेजचे आमचे सर वही घेऊन उभे. तीच परीक्षा.

पहिल्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाला आडनाव आणि गाव विचारलं. पाच जणांना वायंडिंगच्या बाकावर बसवलं. माझं ऐकून म्हणाले, "कडावला कुठल्या वस्तीत राहतेस?"

मी सांगितलं.

"मग तुला गटार दाखवतो."

पोरं हसली.

वीस दिवस मी शेडमागचं गटार उपसलं. संडास धुतले. जेवणाच्या सुट्टीत बाकामागे उभी राहून बघायचे, तांब्याच्या तारेचे वेढे कसे घालतात, कुठलं टोक कुठं जातं. घरी खाटेच्या पायाला सुतळी गुंडाळून तेच करायचे. तार हातात न धरता मी जोडणी पाठ केली.

पूजेशी मला घेणंदेणं नव्हतं. आमच्या घरात देव्हारा नाही. मला मोटर हवी होती.

पाचही पोरांचं झालं. दोघांची मोटर उलटी फिरली, तरी टाळ्या. मग सरांनी वही मिटली. मी अजून बाकी होते. मी पुढं झाले, तेव्हा साहेब ते वाक्य बोलले.

मी पक्कड उचलली.

त्यांनी माझी वेणी धरून मागं खेचलं. डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. मग थोबाडीत. कानात शिट्टी वाजायला लागली. "लायकी विसरलीस?"

पक्कड मुठीत होती. मी ती त्यांच्या मनगटावर घातली. सगळ्या ताकदीनं. हाडाचा आवाज मला ऐकू आला. साहेब किंचाळत खाली बसले. माझ्या कपाळातून रक्त गळत होतं.

सर धावले. साहेबांकडे.

दोघा कामगारांनी मला दंडाला धरून गेटबाहेर ढकललं. मागून सर आले आणि तिथं सौदा मांडला. त्यांच्या हातात माझी रोजच्या कामाची वही होती; तीत वीस दिवस 'वायंडिंगचा सराव' असं लिहून साहेबांची सही होती.

"आत चल, पाया पड. मी पास लिहितो. वर्ष वाचेल गं."

"सर, मी गटार उपसलं. तसं लिहा, मग बघू."

"असं कसं लिहिता येईल?"

"मग माफी पण नाय."

मी वही हिसकावली. एकेका पानावर काट मारली आणि वर लिहिलं: गटार. वीस पानं. वही त्यांच्या हातात परत दिली. नापास झाले.

आईनं कपाळाला हळद भरली. रडली नाही. म्हणाली, "हात उचललास, बरं केलंस. आता शिकल्याबिगर घरात बसू नको."

खोपोलीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तीन वर्षं काढली. व्हार्निशनं बोटं भाजली, शॉक खाल्ले. आज भिसेगावात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. भाव पाडून मागायला येणारा हात हलवत परत जातो. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या कर्जतला ठाऊक आहे.

परवा कॉलेजचे नवे प्राचार्य दुकानात आले.

"ताई, तुम्ही आमच्या माजी विद्यार्थिनी."

"नापास विद्यार्थिनी."

ते हसले. शनिवारी कार्यक्रम आहे. शिकता शिकता कामाचा अनुभव कसा घ्यावा, यावर मुलांशी बोलायचं. प्रमुख पाहुणे कोण, मी विचारलं. तेच साहेब. आता मॅनेजर झालेत.

"येते. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी लावा."

प्राचार्यांना जुनी गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. आवाज उतरवून म्हणाले, "तो विषय तेवढा काढू नका."

"तोच काढणार."

"थोडं कमीजास्त करा की, ताई."

"मोटरच्या दरात करते. यात नाही."

कॉलेजच्या इलेक्ट्रिकलच्या वर्गातून या वर्षीही पोरं त्याच कारखान्यात जाणार आहेत. त्यांत तीन मुली आहेत. एक आमच्याच वस्तीतली, दोघी डोंगरातल्या वाडीवरच्या. त्यांनी गेटात पाऊल टाकायच्या आधी त्यांना हे कळलं पाहिजे, त्याच माणसाच्या तोंडासमोर. शनिवारी मी सगळं सांगणार. माइक बंद केला तर ओरडून सांगेन. आणि तो अंगावर आला, तर या वेळी पहिला हात माझा असेल.