गैरहजर असलेल्यांनी हात वर करा

कॉलेजात त्यांना सगळे हजेरीबाई म्हणत. पाऊण तासाच्या तासिकेतली सात मिनिटं बाई हजेरीत घालवत, आणि तीही क्रमांक पुकारून नव्हे, एकेकाचं नाव घेऊन. पहिल्या वर्षाला आलेल्या पाच मुलांमागे एक मूल सहामाहीच्या आत दिसेनासं होतं, हे त्या हजेरीपटानेच त्यांना सांगितलं होतं. पटावरच्या लाल फुल्या त्यांच्या डोळ्यांत खुपत राहिल्या. शेवटी एकेचाळिसाव्या वर्षी बाईंनी कॉलेजच्याच संशोधन केंद्रात पीएचडीला नाव घातलं. मुलं पहिल्या वर्षी कॉलेजात काय अनुभवतात आणि निघून का जातात, हा विषय.

तीन वर्षं त्या राबल्या. वर्गावर्गांत जाऊन बाराशे प्रश्नावल्या भरून घेतल्या. निष्कर्ष मोठा गोड निघाला: नव्वद टक्के विद्यार्थी समाधानी. मार्गदर्शक सर खूश झाले. प्रबंध द्यायला पाच महिने उरले होते, आता टायपिंग तेवढं बाकी होतं.

बाईंचे वडील त्याच कॉलेजात तीस वर्षं शिपाई होते. एका दुपारी शेंगा सोलता सोलता त्यांनी लेकीला सहज विचारलं, हे कागद वाटलेस कुठे? वर्गात, बाई म्हणाल्या.

"म्हणजे जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा, असंच ना गं?"

बाबा आपल्याच विनोदावर खुदुखुदु हसले. बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. निघून गेलेल्यांविषयीचं सगळं संशोधन त्यांनी बसून राहिलेल्यांना विचारून केलं होतं.

सरांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, घर बांधून झालं, रंग लावून झाला, आणि आता तुम्ही पाया उकरायला निघालात?" शिवाय मुदतीत प्रबंध न दिल्यास नोंदणी रद्द समजण्यात येईल, असं ऑफिसचं पत्र आलंच होतं. तीन वर्षांवर पाणी पडायची वेळ.

बाई पत्र घेऊन तडक ऑफिसच्या खिडकीशी गेल्या. हेडक्लार्कने मान वर न करताच मुदतवाढीचा अर्ज पुढे सरकवला. सहा महिने मिळतील म्हणाला. आणि रद्दचं काय? "ते लिहायची पद्धत आहे, बाई. आजवर कुणाचं रद्द केलंय?"

मग हजेरीपट पिशवीत घालून बाई लाल फुल्यांच्या मागे निघाल्या. कुणी बेकरीत सापडलं, कुणी कापडाच्या दुकानात, कुणी घरीच. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, मन लागलं नाही. बाई वही मिटून ठेवत आणि नुसत्या बसून राहत. अकरावी फुली चष्म्याच्या दुकानात काचा पुसत होती. तिने बराच वेळ एकच काच पुसली आणि म्हणाली, "मॅडम, माझा तर प्रवेशच रद्द झाला ना."

कुणी केला? नोटीस बोर्डाने. दहा तारखेपर्यंत परीक्षेचा अर्ज न भरल्यास प्रवेश रद्द समजण्यात येईल, अशी सूचना होती. ती तापाने पडलेली. बाराला गेली, सूचना वाचली आणि आल्या पावली परतली.

"अगं, ऑफिसात विचारायचंस तरी."

"रद्द झाल्यावर काय विचारणार? लिहिलंच होतं ना तिथे."

तेच शब्द बाईंच्या पत्रात होते. पण असल्या सूचना बोर्डावर डकवणाऱ्या माणसाची त्या लेक. कागद नुसता गुरगुरतो, चावत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. या मुलीच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलंच नव्हतं. तिला हे सांगणार कोण?

बाई चौसष्ट जणांना भेटल्या. त्यातले एकेचाळीस जण त्याच एका ओळीला भिऊन गेले होते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, त्या बाराशे प्रश्नावल्यांचं काय केलंत? दुसऱ्या प्रकरणात आहेत, बाई शांतपणे म्हणाल्या, प्रकरणाचं नाव 'माझी चूक'. परीक्षक हसले, मग प्रबंध मिटून उभे राहिले आणि त्यांनी स्वतः टाळ्या सुरू केल्या. मागच्या रांगेत धुवट सदरा घालून बसलेले बाबा डोळे पुसत होते. पाया उकरायची कल्पना मुळात आपलीच, असं सर त्या दिवसापासून सगळ्यांना सांगू लागले. बाईंनी कधी खोडून काढलं नाही.

हेडक्लार्कने कुरकुरत का होईना, नवी सूचना स्वहस्ते लिहिली: तारीख चुकली तर तीन नंबरच्या खिडकीवर या, प्रवेश रद्द होत नाही. एकेचाळीस घरी पत्रं गेली. नव्या वर्षी सव्वीस जण परत आले.

पहिल्या तासाला बाईंनी पट उघडला. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचं नाव आलं तेव्हा त्यांनी पटावरून मान वर केली. "हजर!" ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या वर्गातले शिक्षक डोकावून गेले.

त्या दिवशी हजेरीला बारा मिनिटं लागली.