चौकीशेजारचा पंच

चौकीशेजारचा न्हावी पोलिसांचा हक्काचा पंच होता. झडती कुठेही होवो, पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही त्याचीच. गिऱ्हाइकाची दाढी अर्धवट टाकून कोण तडफडत जाणार? म्हणून तो कोऱ्या कागदांवर आधीच सह्या करून ठेवायचा.

एकदा चोरीच्या घड्याळासाठी त्याच्याच दुकानाची झडती झाली आणि हवालदाराने सवयीने त्याच्याच सहीचा कागद भरला. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला.

"आरोपी तुम्हीच, पंचही तुम्हीच? घड्याळ सापडताना पाहिलंत?"

"साहेब, वीस वर्षांत मी काहीच पाहिलेलं नाही!"

झडती बेकायदा ठरली आणि न्हावी सुटला. बायकोने दम भरला, "यापुढे वाचल्याशिवाय सही केलीत तर याद राखा!"

दुसऱ्या दिवशी हवालदार नवे कागद घेऊन आला. न्हाव्याने चष्मा लावला, कोरा कागद वरपासून खालपर्यंत नीट वाचला आणि मगच सही ठोकली.