जुलैतली अर्धी खुर्ची

पायपर्स गॅपच्या डोंगरावर जाणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीत दोघांचीच जागा. लिफ्टच्या पायथ्याशी रुडी तेहतीस वर्षं उभा आहे. ऑस्ट्रिया सुटला त्यालाही तेवढीच वर्षं झाली, पण त्याच्या तोंडात ‘स’चा ‘झ’ होतो तो होतोच. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागून स्कीवाल्यांची गर्दी झाली, की तो हातातलं बर्फाचं फावडं आपटत ओरडतो, “झिंगल! झिंगल कोण आहे? झीट रिकामी जातेय!” नवख्याला वाटावं, सकाळी सकाळीच कुणीतरी झिंगलंय. एकट्या आलेल्याने हात वर करून ‘सिंगल’ म्हणायचं आणि दुसऱ्या एकट्याशेजारी जाऊन बसायचं, एवढाच त्याचा अर्थ. जुलैत अर्धी खुर्ची रिकामी सोडत नाहीत.

ग्लेनिस पेंडरला हा शब्द कधी लागलाच नव्हता. एकोणचाळीस वर्षं ती आणि तिचा नवरा मर्व जोडीच्या रांगेत. हिवाळाभर स्की, बर्फ वितळलं की ओढ्यावर ट्राउट मासे पकडायचे, उन्हाळ्यात त्याच खुर्चीतून वर जायचं आणि माश्या हाकलत कड्याकड्याने चालत यायचं. भांडणंसुद्धा खुर्चीत. “अकरा मिनिटं तुला पळून जाता येत नाही,” असं म्हणून मर्व नको तो विषय काढायचा.

मर्व फेब्रुवारीत गेला. त्यानंतरही ती वर जात राहिली. तेव्हा इथे उन्हाळा, रांग नसते. एकटं बसा नाहीतर सायकल लटकवून न्या, कुणी विचारत नाही. मग बर्फ पडलं, गर्दी आली आणि तिचं अडलं.

टाऊन्सव्हिलहून लेकीचा, नॅरेलचा फोन. “आई, तिथे एकटी काय करणारेस गं? घर विक आणि इकडे ये. ऊन आहे, समुद्र आहे.”

“शनिवारी सांगते.”

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: शनिवारपर्यंत एकदा वर जाता आलं तर राहायचं, नाहीतर घर विकायचं. तीन दिवस सकाळी ती स्की खांद्यावर टाकून गेली, एकट्यांची रांग लांबून पाहिली आणि परत आली. शेजारणीला सांगितलं, मोजे विसरले. तीनदा.

शनिवारी पाय सवयीने जोडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. हे तिच्या लक्षातच आलं नाही.

“दोन?” रुडीने मान वर न करता विचारलं.

“दोन,” ग्लेनिस म्हणाली.

खुर्ची आली. ती नेहमीसारखी उजव्या कडेला सरकून बसली. डावीकडची जागा तशीच निघाली.

“अहो, दोन म्हणाली ना ती?” मागून सिडनीचा एक हेल्मेटवाला ओरडला. “दुसरा कुठाय, खिशात?”

रांग हसली. रुडीने बटण दाबलं. लिफ्ट थांबली आणि वरच्या सगळ्या खुर्च्या माणसांसकट झुलत राहिल्या. ग्लेनिसची खुर्ची अजून जमिनीलगतच होती. ती उतरून मागे आली.

“आजी, मोजायला चष्मा आणू का?” हेल्मेटवाल्याने विचारलं.

एका वाक्यात त्याचं तोंड बंद करता आलं असतं. ते वाक्य तिच्याकडे होतं. “चुकलं,” एवढंच ती म्हणाली.

रुडीने टोपी मागे सरकवली. “ग्लेनिझ,” तो हळूच म्हणाला, “तू झावकाश एकटी जा. मी बघितलंच नाही झमज. मर्वझाठी.”

तिला जावंसं वाटलं. फार वाटलं.

“आज सोडशील. उद्या?”

ती पलीकडच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. पुढे बारा माणसं होती. पाळी आली. तिने नुसती काठी वर केली.

“ऐकू नाही आलं!” रुडी ओरडला.

“सिंगल!” ग्लेनिस एवढ्या जोरात ओरडली, की पलीकडे बर्फात पडलेले शिकाऊ पडल्या पडल्या वळून बघायला लागले.

शेजारी पिवळ्या जॅकेटमधली एक बाई येऊन बसली, सॉसेज रोल खात. खुर्ची उचलली गेली. पुढचा आडवा दांडा दोघींपैकी कुणीच खाली घेईना.

“दांडा! दांडा घ्या!” खालून रुडी.

दोघींनी एकदमच हात घातला. “सॉरी.” “सॉरी.”

मग अकरा मिनिटं. वारा फिरलाय, वर बर्फ कडक झालं असणार, हे ग्लेनिसला झाडांवरून कळलं. सांगायला तोंड उघडलं, तर बाई फोनमध्ये बघत होती. वर पोचल्यावर बाई “बरं मग” म्हणाली आणि उजवीकडे निघून गेली. ग्लेनिस बराच वेळ काठ्यांवर रेलून उभी राहिली. मग डावीकडून खाली आली. बर्फ कडकच होतं.

चार वाजता नॅरेलचा फोन आला.

“वर जाऊन आले,” ग्लेनिस म्हणाली.

“अय्या! कुणाबरोबर?”

“नाव नाही विचारलं.”

“म्हणजे? बोललात काय?”

“सॉरी म्हणालो.”

“आई, आणि एवढ्यावर तू तिथे राहणार?”

“हो. उद्या साडेआठला सुरू होते लिफ्ट. उशीर केला की रांग वाढते.”