मागे बघायचं नाही

अविनाश गेल्याचा नंदूचा फोन आला, तेव्हा मी कोपरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकाशी शटरच्या मजुरीवरून भांडत होतो. फोन ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, "उद्या या." वर्तकनगरला त्याच्या घरी पोचलो तर आमच्या चौकडीतला चौथा, म्हात्रे, नंदूबरोबर आधीच आलेला होता. हृदयविकार, झोपेतच. अव्याला अजून साठीही लागली नव्हती. तिथपर्यंत मी स्वतःला सावरून होतो. स्मशानातून परतताना मात्र नंदू म्हात्रेला हळूच म्हणाला, "डॉक्टरांनी गेल्या दिवाळीतच सांगितलेलं, ऑपरेशन करून टाका म्हणून." मी त्यांच्या मागेच चालत होतो. "कोणाला सांगितलेलं?" मी विचारलं. दोघं भरभर पुढे चालू लागले. म्हणजे वहिनींना ठाऊक होतं, नंदूला ठाऊक होतं, म्हात्रेला ठाऊक होतं. मला नव्हतं. याला आता दीडेक महिना होईल. गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मला चार जणांनी समजावून झालं. मी धरलाय.

अव्या आणि मी डोंबिवलीत एकाच चाळीत वाढलो. पोहायला शिकलो ते खडवलीच्या नदीत, घरी न सांगता. पुढे तो शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला आणि लग्नानंतर ठाण्याला राहायला गेला. मी दहावीनंतर वेल्डिंग शिकलो, दुसऱ्यांच्या हाताखाली ग्रिलं जोडली आणि मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही, त्यामुळे समोरचा मागेल ती किंमत मीही कधी देत नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, तोंडही सुटतं. अव्याला ते जमायचंच नाही. एखादी वस्तू आवडली की ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसायचं. म्हणून मी त्याला एकच काम दिलं होतं. कल्याणला पाइप-पत्रा घ्यायला निघालो आणि त्याच्या शाळेला सुट्टी असली, की तो बरोबर यायचा. मी आत बसून भांडायचो, तो दाराशी उभा राहायचा. बोलणं तुटायला आलं की म्हणायचा, "चल रे दिल्या, दुसरीकडे बघू." मी उठायचो. तो मला पुढे घालायचा आणि स्वतः मागून यायचा. त्याचा नियम एकच. "मागे बघायचं नाही. बघितलंस की भाव गेला." मी कधीच बघितलं नाही. पायरी उतरेपर्यंत आतून हाक यायची, "ओ शेठ, या, या..." ती माझ्या तोंडाची कमाई आहे, असं मी सगळ्यांना छातीठोक सांगायचो.

गेल्या दिवाळीनंतर त्याने एकदम श्रीलंकेचं काढलं. वेलिगामा म्हणून समुद्रकाठी एक गाव आहे, तिथे जगभरची तरुण पोरं फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत किनाऱ्याला येतात. ते त्याला करायचं होतं. मी म्हटलं, "तुझं वय काय, तू बोलतोस काय!" म्हात्रे मूळचा आमच्या कोपरचाच, त्याच्या घरच्यांची पूर्वी मिठागरं होती. तो म्हणाला, "आमच्या बापजाद्यांनी मिठागरान जल्म काढला, पन लाटंवर कुनी उभा नाय राहिला. चल, जाऊ." नंदूही लगेच तयार झाला. मी खर्चावरून कटकट केली, तर अव्या म्हणाला, "तू नाही आलास तर तिथे भाव कोण करणार?" मग गेलो.

तिथे वाळूत फळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात आणि शिकवणारे शेजारीच बसलेले असतात. आम्हाला रोशन नावाचा एक उन्हाने रापलेला, काटक पोरगा भेटला. मी अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत आणि बाकीचं बोटांनी त्याच्याशी भांडलो. तो हलेना. अव्या म्हणाला, "चल रे दिल्या." मी पुढे, तो मागे. चार पावलं टाकतो न टाकतो तोच रोशनने हाक मारली. वळून पाहिलं तर हसत होता. म्हात्रे म्हणाला, "तुझी दादागिरी लंकेतपन चालते रं!" मी खूश.

पाण्यात मात्र माझं काही चाललं नाही. फळीवरून पडलो, खारं पाणी प्यायलो आणि बाहेर येऊन किनाऱ्यावरून ओरडत बसलो. नंदू आणि म्हात्रे अव्याच्या दोन बाजूंनी चालत होते, त्याला एकटं सोडतच नव्हते. मी ओरडलो, "नंद्या, सोड त्याला! तू काय त्याची आया आहेस?" अव्या पडत होता, धापा टाकत होता, हसत होता. शेवटी रोशनने एका बुटक्या लाटेवर त्याची फळी ढकलली आणि हा उभा राहिला! गुडघे वाकवलेले, एक हात लांब पसरलेला... फळ्यावर मोठं वर्तुळ काढताना शिक्षकाचा हात असतो ना, तसा. वाळूपर्यंत आला, उतरला आणि तिथेच बसला. बराच वेळ उठेना. मी तिकडची नारिंगी रंगाची शहाळी घेऊन गेलो. म्हटलं, "दमलास का रे म्हाताऱ्या?"

"दमलो," तो म्हणाला. "पण उभा राहिलो ना?"

तेराव्यानंतर मी नंदूला गाठलं. म्हटलं, "मला का नाही सांगितलं? मला कळलं असतं तर मी त्याला पाण्यात पाऊल टाकू दिलं नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," नंदू म्हणाला. "त्यानेच बजावलेलं. दिल्याला कळू देऊ नका, तो डॉक्टरशीसुद्धा भाव करत बसेल."

हो, केला असता! एका डॉक्टरचं पटलं नसतं तर दुसऱ्याकडे गेलो असतो. ऑपरेशनला तो घाबरत होता म्हणे, महिना महिना पुढे ढकलत होता. मी त्याला दंडाला धरून नेलं असतं, शिव्या घालून टेबलावर झोपवलं असतं. जन्मभर लोखंडाच्या भावासाठी घसा फोडला, आणि जिथे खरंच भांडायला हवं होतं तिथे मला दाराबाहेर ठेवलं. मित्र म्हणायचं, आणि हे करायचं?

गेल्या आठवड्यात कल्याणला गेलो. ज्याच्याकडून मी वर्षानुवर्षं माल घेतो, तो कांतिभाई दाराकडे बघत म्हणाला, "मास्तर नाय आले आज?" मी सांगितलं. त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघितलं. मग आम्ही भावावर आलो. नेहमीसारखं अडलं. मी थांबलो... मला उठवायला कोणी नव्हतं.

कांतिभाई म्हणाला, "आता मला कोण सांगणार, शेठ?"

"काय सांगणार?"

त्याने हात पुढे केला, पालथा पंजा जरासा खाली दाबला, मग बोटांनी जवळ बोलावल्यासारखं केलं. "तुम्ही पुढे चालायचे ना, तेव्हा मास्तर मागून असं करायचे. थोडं उतरा, तो घेतो, बोलवा त्याला. मी एकदा विचारलं पण, मास्तर, तुम्ही त्यांच्या बाजूचे की माझ्या? नुसते हसले."

रोशन का हसत होता, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. म्हणजे हेही मला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या पाठीमागे उभा राहून माझे सौदे हा जुळवत होता, आणि मी गावभर माझ्या तोंडाची फुशारकी मारत होतो. संताप आला. हा भाव मला परवडत नाही असं ओरडून मी उठलो, बाहेर पडलो आणि पायरीवर पहिल्यांदाच हाकेआधी मागे वळून पाहिलं. दार रिकामं होतं. आत कांतिभाई माझ्याकडे बघत बसला होता. हाक काही आली नाही. थोडा वेळ थांबलो आणि आपणहून परत आत गेलो.