दादाला नामांतराची बातमी

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

आज नामविस्तार दिन. बाबांना व्हीलचेअरवर बसवून विद्यापीठ गेटवर नेलं होतं. चिकलठाण्याच्या कंपनीतून रिटायर झालेले माझे बाबा आता नव्वदीचे आहेत. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत.

माझा मोठा भाऊ मिलिंद कॉलेजात असताना नामांतराच्या मोर्चात गेला, लाठ्या खाल्ल्या. पुढं सैन्यात अधिकारी झाला. काश्मीरमधल्या चकमकीत गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्यानंतर काही महिन्यांनी विद्यापीठाचं नाव बदललं.

आज गर्दीत एका तरुणानं बाबांची खुर्ची ढकलायला मदत केली. छावणीतला जवान होता, केस बारीक कापलेले. बाबांनी त्याचा हात घट्ट धरला.

"मिल्या, आलास व्हय? झालं रं नामांतर! तुला सांगायचंच राह्यलं व्हतं."

मी त्या जवानाला हळूच म्हणाले, "माझा भाऊ. सैन्यातच होता. शहीद झाला."

तो बाबांसमोर गुडघ्यावर बसला. "व्हय बाबा, बघितलं मी. लई भारी वाटलं."

बाबा हसले. दादा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलंच नव्हतं. मी तोंड फिरवून रडून घेतलं.

आता घरी आलोय. बाबा सारखं विचारतायत, "सुट्टी किती दिवस हाय गं त्याची?"

खरं सांगितलं, तर त्यांचा मुलगा आज पुन्हा जाईल. तुम्ही काय सांगितलं असतं?