आधी डोळा, मंग ग्रहण

डोमाजी सर पह्यल्यांदा आमच्या अंगणात आले तवा त्यायनं मले काय इचारलं, ते या गौरवाच्या पुस्तकात छापाच लागते. सर तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पांढरा शर्ट, हातात कापूस भरलेला टिफिनचा डबा. म्हणाले, "बाई, अंडी पाह्यजेत. पण कोंबड्या एकट्याच राह्यतात, का सोबत कोंबडा आहे?" येवढं बोलता बोलता सर कानापर्यंत लाल झाले. शेजारच्या बाया पदर तोंडाले लावून पळाल्या. मी म्हणलं, "आहे नं सर. पाच जणींत एकटाच आहे बिचारा. अजून काई चौकशी?"

दुकानातल्या अंड्यात पिल्लू धरत नाई, म्हणून सर गावोगाव फिरत होते. अंड्यातल्या पिल्लाचा डोळा कसा तयार होते, अन् डोळ्यामागचा पडदा कसा बनते, हा त्यायचा अभ्यास. मले वाटलं, येवढा शिकलेला माणूस अन् काम काय, तं अंड्यात डोकावणं! पुढं माझे मालक वारले. त्या साली सरनं मले प्रयोगशाळेत अंड्यायची ऊबेची पेटी सांभाळाले ठेवलं. तवापासून सर निवृत्त होयेपर्यंत मी तिथीच होती. तिथी सारेच सरचे विद्यार्थी होते. सरले चिडवणारी मी एकटीच.

सर अंड्याच्या कवचाले नखायेवढी खिडकी पाडत, वरून चिकटपट्टी लावत, अन् भिंगातून पाहात. मलेही दाखवत. मेंदूतूनच दोन कोंब फुटतात अन् त्यायचे डोळे होतात, हे मी तिथीच पाह्यलं. एकदा मी इचारलं, "सर, कोणत्या पेशीनं काय व्हाचं, हे तिले सांगते कोण?" सर म्हणाले, "बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी सोडलं का जवळच्या धानाच्या बांधीले जास्त भेटते, दूरच्या बांधीले कमी. तसंच आहे. एका जागच्या पेशी निरोप सोडतात. ज्या पेशीले जेवढा निरोप भेटला, तसे तिचे जीन चालू नाईतं बंद होतात. शेजारच्या पेशीही एकमेकीले सांगतात, मी झाली, तू थांब." मी म्हणलं, "म्हणजे आमच्या बोरिंगवर पाणी भरणाऱ्या बायायसारखंच." सर हासले नाई. वहीत लिहून घेतलं, अन् दुसऱ्या दिवशी वर्गात तेच उदाहरण दिलं. माझं नाव सांगून दिलं, हे इशेष.

सरपाशी खोटं चालत नसे. एकदा अंडी कमी पडली, तं मी खुडूक कोंबडीखालची दोन काढून ताज्या अंड्यात मिसळून देली. सरनं खिडकी पाडली अन् म्हणाले, "शेवंताबाई, हे तं आधीच तीन दिवस बसवलेलं आहे."

"कोंबडीनं सांगतलं का तुमाले?"

"डोळ्यानं सांगतलं. कोणत्या दिवशी डोळा किती होते, हे ठरलेलं असते."

कोणतं अंडं किती दिवसाचं, याचा भरोसाच उरला नाई, म्हणून आठ दिवसाचं काम फेकावं लागलं. सरनं वहीत लिहिलं, 'माझ्या देखरेखीतली चूक.' माझं नाव लिहिलं नाई. चांगल्या गोष्टीत नाव घेणारे अन् चुकीत गाळणारे सर. उलटं करणारे लई पाह्यले मी.

आता जे सांगाचं आहे, ते माह्या अंगावर येते, तरी सांगतो.

माह्या लेकाले, मनोहरले, पोट्टी झाली. नाव आरू. तिच्या एका डोळ्यातली काळी बाहुली गोल नव्हती, खालून चिरल्यावाणी होती. मले तवाच आठवलं. सून रंजना गरोदर असताना ग्रहण लागलं होतं, अन् हिनं विळीवर काकडी चिरली होती. मी नको म्हणत होती, हिनं आयकलं नाई. मंग काय, मी साऱ्या गावाले सांगत सुटली. रंजनाले माहेरी धाडाचं ठरवलं, वापस न आणाच्या बोलीनं. मनोहर माह्यापुढं तोंड उघडत नसे. रंजनाची पेटी भरून तयार होती.

कामावर मी सरले हे सांगतलं, तेही मोठ्या तोऱ्यात. सरनं हातचं काम ठेवलं.

"ग्रहण कितव्या महिन्यात लागलं?"

"सातव्या."

"डोळा बनताना सगळ्यायच्याच डोळ्याले खालून एक चीर असते. मानसाच्या पोरात दुसरा महिना सरता सरता ते जुळून येते. आरूची जुळली नाई. ग्रहणाच्या लई आधी नाई जुळली. तवा तं रंजनाले दिवस गेले हेही धड मालूम नसन."

"मंग कोणामुळं झालं?"

"जीनमध्ये काई बदल असन. आईकडून, बापाकडून, नाईतं आपोआप. मले मालूम नाई. डॉक्टर पाह्यतीन. पण सगळ्यायचे डोळे पाह्यतीन, शेवंताबाई. तुमचेही."

सरनं रंजनाची पेटी दोन दिवस थांबवाले सांगतलं अन् आमाले घेऊन सोता एसटीनं चंद्रपूरले डोळ्याच्या दवाखान्यात आले. डोळ्यात औषध टाकून डॉक्टरीणबाईनं एकेकाले पाह्यलं. आरूच्या मागच्या पडद्यावरही चीर होती, पण मधातली नजर चांगली होती. रंजनाचे डोळे साफ. मनोहरच्या डोळ्यात खाली बारीक चीर. अन् माह्या डोळ्यातही, तशीच. सारी उमर गेली, मले कधी मालूमच पडलं नाई. एकाच घरात कोणाले दिसन येवढी येते, कोणाले निसती मागं लपून राह्यते, असं बाई म्हणाल्या.

मी भिंतीकडं तोंड करून बसली. आता सर साऱ्यायपुढं बोलतीन, असं वाटलं. मी सरच्या जागी असती तं सोडली नसती. सर बाजूले येऊन बसले. "दोष तुमचाही नाई," येवढंच म्हणाले. मंग हळूच म्हणाले, "पण रंजनाले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

घरी येऊन मी रंजनाची पेटी उघडली अन् तिची लुगडी एक एक करून खुंटीवर टांगली. म्हणलं, "माय, हे माह्याकडूनच आलं. मी चुकली." रंजनानं रिकामी पेटी बंद केली. मंग म्हणाली, "मंग आता तुमाले धाडू का माहेरी?" मी म्हणलं, "धाड. पण तिथी कोणी राह्यलं नाई." तवा ते हासली, अन् रडलीही. गावात ज्या ज्या घरी मी आग लावली होती, त्या त्या घरी मले घेऊन गेली अन् माह्याच तोंडून खरं सांगाले लावलं. सात घरं झाली. आठव्या घरी चहा भेटला.

सरनं किती शोध लावले, किती पोट्टे डॉक्टर केले, ते बाकीचे लिहितीन. मी माह्या घरचं लिहिलं. सरले पंच्याहत्तरावं लागलं. त्यायची तब्येत ठणठणीत राहो अन् त्यायनं शंभरी गाठो, हे माह्यं मागणं. रंजनाले हे कमी वाटते. ते म्हणते, सरनं आता जिल्ह्यातल्या साऱ्या सासवायले शिकवाले घ्यावं, अन् त्या कामाले शंभर वर्षं काई पुरत नाई. म्हणून तिच्याकडून वरची पंचवीस.